जुन्या बाजारातील नावे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. पुण्यात राहणाऱ्या बाईने इतिहासावर लिहावयाचे म्हणजे शनिवारवाडा, नाही तर पर्वती, असे पुष्कळ जणींना वाटेल. त्या वास्तूंवर थोरामोठ्यांनी लिहून ठेवले आहेच. मी ज्या इतिहासाविषयी लिहिणार आहे तो मंगळवार पेठेच्या बाजूला रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडलेला असतो आणि त्याची किंमत घासाघीस करून ठरते. बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आपणां सर्वांना ऐकून ठाऊक आहे. परंतु पुरुषमंडळींनी पाने-पकडी किंवा मोटारीचा एखादा सुटा भाग आणावयाचे ठिकाण, याहून अधिक ओळख बहुतेकींनी करून घेतलेली नाही.

फ्रेंच लोक अशा बाजाराला ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. मुंबईकरांचा तो चोरबाजार. मूळ शब्द ‘शोर’ होता, गोंगाटावरून पडलेला, असे सांगून तेथली मंडळी चोरीचा डाग पुसू पाहतात. पुणेकरांनी मात्र नुसते ‘जुना बाजार’ म्हणून विषय संपवला!

तेथे काय नसते? कुलपांवाचून किल्ल्या, किल्ल्यांवाचून कुलपे, एकटीच राहिलेली रिकीब, प्रायमसची टाकी, काच गेलेला कंदील, बंबाची नळी. या पसाऱ्यात थोडे वाकून पाहिले की आपली दुनिया दिसू लागते. पायाच्या टाचा घासावयाची पितळी वज्री मला एकदा तेथेच मिळाली. तळ खडबडीत, वर पक्षी बसवलेला, आणि पोटात खडा घातलेला, म्हणून घासताना तिचा खुळखुळ आवाज होई. न्हाणीघरात जेमतेम दोन घटका एकट्या बसणाऱ्या बाईसाठी कोणा कारागिराने एवढा विचार केला, याचे मला फार कौतुक वाटले. विक्रेत्याला ती वस्तू कशाची हे ठाऊक नव्हते. तो तिला ‘कागदावर ठेवायचे वजन’ म्हणत होता आणि मीही त्याला दुरुस्त केले नाही. घासाघिशीत एवढे चालते.

धान्य मोजावयाची मापे तर तेथे ढिगाने पडलेली असत. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब आपल्या आज्यांना शाळेत न जाताही पाठ होता. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. पितळी कड्यांची ती शेर-पायलीची मापे एकाएकी बिनकामाची झाली. काही घरांत ती देव्हाऱ्याजवळ राहिली, कारण नवी सून ओलांडते ते माप हेच. बाकीची मोडीत गेली.

‘मोडीत जाणे’ हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो, परंतु जुन्या बाजाराचा सगळा झरा तेथूनच वाहतो. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते. ती उडाली आणि आत ताक किंवा चिंचेचे सार राहिले, तर पदार्थ कळकतो. नवसागराचा धूर काढीत दारी येणारा कल्हईवाला दिसेनासा होऊ लागला. आधी अ‍ॅल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले, त्याला ना कल्हई ना चिंच-रांगोळीची घासणी. बायकांचे कष्ट वाचले ही गोष्ट लहान नव्हे, आणि त्या काळच्या गृहिणींना आज नावे ठेवणाऱ्यांनी आठवडाभर हंडे-कळशा घासून पाहाव्यात. पण त्या बदलात पितळ वजनावर गेले. घडणावळ शून्य, नक्षी शून्य, फक्त धातूचा भाव. लुगड्यांची गतही तीच. सुती लुगडी बोहारणीच्या पाटीत गेली, आणि जरीची लुगडी ‘जुनी जर’ म्हणून ओरडत येणाऱ्याने नेली. जर जाळून तो चांदी काढी. लुगडे कोणाच्या लग्नातले, कोणाच्या डोहाळजेवणातले, हे चांदीला विचारून काय उपयोग?

या प्रवाहाच्या आड एक गृहस्थ मात्र उभे राहिले. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांना ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे म्हणून जुनी पिढी ओळखत असे. त्यांनी सुमारे सत्तर वर्षे गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, करंडे, वज्र्या, दारांच्या चौकटी, वाद्ये असा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह केला. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली सारे महाराष्ट्र सरकारच्या हाती सोपवले. तलवारी व तैलचित्रे जमवणारे पुष्कळ होऊन गेले. कुंकवाचा करंडा आणि विळी यांनाही इतिहासात जागा आहे, हे केळकरांनी ओळखले. बाजीराव रस्त्यावरच्या त्या वास्तूत मंडळाची सहल एकदा तरी न्यावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

तरीही संग्रहालय वेचक वस्तू घेणार. साधा, चेपलेला, हजारांतला एक असा तांब्या कोण घेईल? असल्या भांड्यांकडे वळावयाचे माझे कारण एवढेच की, त्यांच्यावर नावे असतात.

पूर्वी भांड्यांच्या दुकानात ‘नावे घालून मिळतील’ अशी पाटी असे. छिन्नी-हातोडीने ठिपका-ठिपका उठवून घातलेली ती अक्षरे. मंगलकार्यात आळीभरची भांडी एकत्र होत, ती परत ओळखू यावीत हा त्याचा उघड हेतू. पण जुन्या बाजारात उकिडवे बसून ती वाचू लागले की निराळेच काही उमजते. ‘सौ.’ असते, ‘चि. सौ. कां.’ असते, ‘गं. भा.’ असते, खाली ‘मुंजीप्रीत्यर्थ’, ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’, आणि पुष्कळदा शक. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतो. माझ्याकडे शके १८४६ चा, म्हणजे १९२४ सालचा, एक तांब्या आहे. गळ्याशी माहेरचे नाव व आडनाव आहे. पोटावर वेगळ्या हाताने, थोडे घाईने घातलेले सासरचे नाव. नावही बदललेले, आडनावही बदललेले. तांब्या एकच म्हणून बाई एकच, असे मी समजते. त्या काळच्या किती बायकांचे माहेरचे नाव लग्नानंतर कोठे लिहिलेले राहिले असेल? सातबारावर नाही, रेशनकार्डावर नाही, घरच्या वंशवृक्षात तर नाहीच. तेथे मुलगेच असत. भांडे हे तिच्या नावाचे दप्तर झाले.

आणि त्यात व्यवहारही होता. विवाहात अग्नीसमोर माहेरून जे मिळाले ते स्त्रीधन, हे मिताक्षरेने सांगितलेलेच आहे. नवऱ्याकडून वारशाने आलेल्या मिळकतीवर विधवेचा हक्क हयातीपुरता आणि अपुरा असे. पूर्ण मालकी मिळाली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. त्याआधी भाऊबंदांत वाटण्या झाल्या तर ‘हा हंडा माझ्या माहेरचा’ असे म्हणावयास तिच्यापाशी साक्ष कोणती? हंड्यावरची अक्षरे! बाईला वाचता येत नसले तरी आपले नाव कोठे आहे, हे बोटांना ठाऊक असे.

बाजाराच्या शेजारीच कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ती वस्ती. तांब्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उठवण्याच्या तेथल्या कामाला मठारकाम म्हणतात. त्या आळीत घडलेली एखादी कळशी लग्नात बाहेर पडली, दोन-तीन पिढ्या पाणी भरून दमली, आणि शेवटी हाकेच्या अंतरावर गोणपाटावर येऊन बसली, असे खचित घडले असेल.

खरेदीस जाणाऱ्या भगिनींसाठी थोडे. सकाळी लवकर जावे. पहिला भाव ऐकून निम्म्यावर उतरावे, पण विक्रेत्याचा अपमान करू नये, त्याचेही पोट आहे. भांडे उचलून वजन पाहावे, टिचकी मारून नाद ऐकावा, तळाचे डाख तपासावेत. ‘अ‍ॅन्टिक’ म्हणून सांगितलेला कर्णा लावलेला ग्रामोफोन व हिरवट शिवराई नाणे यांपासून दूर राहावे. दोन्ही नवीन बनवून जुनी केलेली पुष्कळ फिरतात. खरीच शंभर वर्षांवरची मूर्ती वगैरे असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. ती परदेशी नातेवाइकांच्या सामानात घालून देता येत नाही.

आता कामाचे. मंडळाच्या कपाटातील जुनी पितळी भांडी मोडीत देऊन त्या पैशांत स्टीलचा संच घ्यावा, असा ठराव मागील सभेत आला आहे. त्याला माझा विरोध नाही. वर्षातून दोनदा ती जड पातेली कोण उतरवते, हे मला माहीत आहे. तोवर मी दर गुरुवारी दुपारी वहीत एकेका भांड्यावरील मजकूर जसाच्या तसा उतरून घेत आहे. आजवर एकेचाळीस नावे झाली. त्यांपैकी सहा घरांतल्या नाती आज मंडळाच्या सभासद आहेत. त्यांना आपापली वाटी किंवा ताम्हन मोडीच्या भावाने घरी नेता यावे, एवढी सूचना मी लेखी दिली आहे. सर्वांत मोठ्या परातीवर मात्र नाव नाही. ‘एका भगिनीकडून, शके १८७४’ इतकेच आहे. ही देणगी कोणी दिली, हे ठाऊक असणाऱ्या कोणी आजी आपल्या घरी किंवा शेजारी असतील, तर गुरुवारी तीनच्या सुमारास मला निरोप द्यावा. परात तोपर्यंत कपाटातच आहे.