दिवे किती, चॅनेल किती?

गॅलरीतल्या नाचऱ्या रोषणाईसाठी कंट्रोलर निवडायला बसलो आणि नेहमीसारखा इतिहासात घुसलो! १८८२ च्या ख्रिसमसला न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सनने ८० दिव्यांचं झाड विजेवर फिरवलं. फिरता फिरताच दिवे उघडझाप करायचे. म्हणजे झाडच कंट्रोलर! २००४ मध्ये ओहायोच्या कार्सन विल्यम्सने १६,००० दिवे संगणकाने गाण्यावर नाचवले, तेही फक्त ८८ चॅनेलवर. सरासरी १८० दिव्यांना एकच बटण! आता पिक्सेल दिव्यांत प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल लागतात. तेवढेच दिवे घेतले तर ४८,०००.

माझ्या साध्या माळा चारच. महागडा कंट्रोलर गुपचूप कार्टमधून काढला. आधी नाच ठरवा, मग चॅनेल मोजा, पैसे शेवटी. असो!