कान आणि तोल : एका शोधाचा इतिहास

१८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोंचली. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत गेले. त्या काळीं एखादा वृद्ध घेरी येऊन पडला, तर युरोपांतील नामांकित वैद्यहि मेंदूंत रक्त सांचल्याचें निदान करून त्याचें रक्त काढीत. कानाकडे क्वचितच कोणाचें लक्ष जाई.

वास्तविक पुरावा तेव्हांहि होता. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लूरांस यानें १८२० नंतरच्या दशकांत कबुतरांच्या आंतरकर्णांतील अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या. पक्ष्यांस ऐकूं येई, परंतु त्यांचा तोल जाई. १८६१ सालीं पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेन्येर यांनीं तेथील वैद्यक अकादमीपुढें प्रतिपादन केलें कीं, घेरी, कर्णनाद व बहिरेपणा हीं एकत्र आढळतात तेव्हां दोष मेंदूचा नसून आंतरकर्णाचा असूं शकतो. पुढें रोबेर्ट बारानी यांनीं कानांत थंड व ऊन पाणी सोडून तोलाची परीक्षा करण्याची रीत घालून दिली. १९१४ चें नोबेल पारितोषिक त्यांस जाहीर झालें, तेव्हां ते रशियांत युद्धकैदी होते.

श्रवणाची शंखाकार नळी व तोलाच्या नलिका एकाच अस्थिगुहेंत वसतात आणि दोहोंचे संदेश एकाच मज्जातंतूनें मेंदूकडे जातात. म्हणून वार्धक्यांत एकीच्या क्षीणतेबरोबर दुसरीहि पुष्कळदां क्षीण होते. शिवाय मंद श्रवणामुळें भोवतालची चाहूल लागत नाहीं. २०१२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या, ४० ते ६९ वर्षांच्या २,०१७ व्यक्तींच्या पाहणींत सौम्य श्रवणदोष असलेल्यांमध्यें पडण्याचें प्रमाण जवळजवळ तिप्पट दिसलें. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. तथापि शेजारसंबंध स्पष्ट होतो.

आज ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील स्थानकांवर वृद्धांस गर्दींतून पुलाचे जिने चढावे लागतात, फलाट व गाडी यांमधील अंतर ओलांडावें लागतें. त्यांचा पाय डळमळला कीं घरचीं माणसें "आतां वय झालें" म्हणून विषय संपवितात. पूर्वीचे वैद्य सारा दोष मेंदूच्या माथीं मारीत. येथें तो वयाच्या माथीं मारला जातो, इतकाच भेद. प्रत्येक घेरी कानाचीच असते असें नव्हे. परंतु वैद्याकडे जातांना ऐकूं कमी येत असल्याचें अवश्य सांगावें व श्रवणपरीक्षा करवावी. मुंबईंत वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यास वाहिलेली आहे. वृद्धाचें एक पडणें कित्येकदां त्यास कायमचें अंथरुणास खिळवितें. तें टाळण्याचा एक मार्ग कानांतून जातो.