इंग्रजी शब्द, जालना जिल्ह्याच्या बोलीतील

इंग्रजी शब्द, जालना जिल्ह्याच्या बोलीतील : पाणी, कापूस, बियाणे, मोसंबी, लोखंड आणि सरकारी कामकाज यांच्या वाटेने जालना जिल्ह्याच्या मराठीत आलेले आणि इथल्या व्यवहारात वेगळा अर्थ धरून बसलेले इंग्रजी शब्द. यांतले काही इंग्रजीत अगदी रोजचे आहेत. काही मात्र इतके आडवळणाचे आहेत की इंग्रजी शाळेत शिकलेल्यालाही त्यांच्यासाठी कोश उघडावा लागतो, आणि बदनापूरच्या बागायतदाराला ते तोंडपाठ असतात. कोशात मिळतो तो या शब्दांचा जन्मदाखला. त्यांचा चालू अर्थ बांधावर, जिनिंगच्या आवारात किंवा भट्टीपाशीच कळतो.

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणीतला परतूर हे तालुके त्यासाठी एकत्र आणले गेले. त्याआधी १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि दरबारी भाषा उर्दू होती. त्यामुळे मुंबई-पुण्याकडे इंग्रजी जशी शाळा-कचेऱ्यांतून मुरली, तशी ती इथे मुरली नाही. इथे ती कामाबरोबर आली. एकोणिसाव्या शतकात जालन्याला हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची छावणी होती. त्याच शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी शहराजवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांची वसाहत उभी केली आणि तिला ‘बेथेल’ हे बायबलातले नाव दिले. त्याचा मूळ हिब्रू अर्थ देवाचे घर. १९०० साली मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि गेज, सिग्नल, पार्सल हे शब्द गाडीतून उतरले. या थरात अर्थाची फारशी ओढाताण झालेली नाही.

खरी गंमत पाण्याच्या शब्दांत आहे. जिल्हा अवर्षणाचा आणि पाण्याची चिंता बाराही महिने, त्यामुळे या विषयावर बोलणे भरपूर आणि शब्दही भरपूर. ‘बोअर’ म्हणजे जमिनीत पाडलेले भोक, हा इंग्रजी अर्थ. जालन्यात बोअर ‘घेतात’ किंवा ‘मारतात’. पाणी लागले तर तो ‘लागला’, नाही तर ‘फेल गेला’. परीक्षेतले नापास होणे आणि बोअर कोरडा निघणे यांना एकच शब्द आहे, आणि दुसऱ्याचा घाव अधिक खोल, कारण त्यात कर्जाचे पैसे गेलेले असतात. कंटाळा आला या अर्थाचे ‘बोअर झालं’ हे मूळ इंग्रजीत बहुधा वेगळ्याच शब्दाकडून आलेले आहे. त्याच घरातली कॉलेजला जाणारी पोरे ते वापरतात आणि दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. ‘इंच’ हेही असेच. कोशात ते लांबीचे माप, पण बोअरच्या गाडीवाला ‘दोन इंच पाणी आहे’ म्हणतो तेव्हा तो बाहेर पडणाऱ्या धारेचा अंदाज सांगत असतो. खोली तो फुटांत सांगतो आणि पैसेही फुटावर घेतो.

पाणी लागले तरी ते वर यायला ‘लाईट’ लागते. लाईट म्हणजे उजेड नव्हे, वीज. ती स्त्रीलिंगी आहे, ती ‘येते’ आणि ‘जाते’. तिचे दोन प्रकार : ‘सिंगल फेज’, जिच्यावर घरातले दिवे चालतात, आणि ‘थ्री फेज’, जिच्यावर मोटर चालते. ‘मोटर’ म्हणजे पाण्याचा पंप. तिला जोडलेला ‘ऑटो’ म्हणजे लाईट आल्याबरोबर पंप आपोआप सुरू करणारे खटके-यंत्र. प्रवासी रिक्षालाही ऑटोच म्हणतात, पण शेतात घोटाळा होत नाही. ‘डीपी’ या आद्याक्षरांचा संबंध वीज वाटून देण्याच्या जागेशी आहे. शेतकऱ्याच्या तोंडी डीपी म्हणजे सरळ रोहित्र. ‘डीपी जळाली’ हे पाच अक्षरांचे वाक्य ऐन रब्बीत अख्ख्या शिवाराची झोप उडवते. वीज कंपनीच्या कागदावर रोहित्र असते. रोहित्र जळाले असे बांधावर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. त्याच्यासोबत दोन मोजमापे आली. ‘टीएमसी’ म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, अर्थात एक अब्ज घनफूट किंवा सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. इंग्लंडातल्या सामान्य माणसाला हे दोन्ही शब्द सांगता येतील असे नाही. घनसावंगीच्या पारावर मात्र पावसाळ्यात धरणाची चर्चा टीएमसीतच होते. ‘टेल’ म्हणजे शेपूट, इथे कालव्याचे शेवटचे टोक. ‘आम्ही टेलचे’ असे कोणी म्हणाला की त्याच्या रानापर्यंत पाणी पोचत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काही शब्द आपल्याच घरून निघून साहेबाकडे गेले आणि कोट घालून परत आले. ‘नालाबंडिंग’ हा त्यांतला ठळक. फारसी-हिंदुस्थानी ‘बंद’ इंग्रजांनी उचलला, तो बांध या अर्थाने इंग्रजी कोशात गेला, त्याला इंग्रजी प्रत्यय लागला आणि दुष्काळी कामांच्या अंदाजपत्रकातून तो पुन्हा नाल्यावर येऊन पडला. ‘टँकर’चीही तीच कथा. जलाशय या अर्थाच्या इंग्रजी ‘टँक’चे मूळ गुजराती-मराठी टाकी, टाके आणि पोर्तुगीज ‘तांके’ या दोन्हींकडे दाखवले जाते. युल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही या शब्दाची नोंद आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५च्या अखेरीस, इंग्रजांनी आपल्या नव्या चिलखती गाड्यांचे गुपित राखण्यासाठी त्यांना पाण्याच्या टाक्या म्हणायला सुरुवात केली आणि टँक म्हणजे रणगाडा झाला. मराठवाड्यात उन्हाळ्यात जो टँकर येतो तो पाण्याचाच. त्याच्यावरही लढाया होतात.

‘मस्टर’ हा लष्करी शब्द. लॅटिनमधल्या ‘दाखवणे’ या क्रियापदापासून तो निघाला. सैनिकांना रांगेत उभे करून त्यांची मोजदाद दाखवणे, हा त्याचा मूळ भाव. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर तो घरोघरी पोचला. ‘मस्टरवर नाव चढणे’ म्हणजे मजुरी पक्की होणे. खोटी नावे असलेले ‘बोगस मस्टर’ हा त्याचाच जोडशब्द, आणि तो वर्तमानपत्रांना कित्येक वर्षे पुरला.

कापसाने आणलेला जुना शब्द ‘जीन’. हा इंग्रजी ‘इंजिन’चाच तुटलेला तुकडा आहे. सरकी वेगळी काढणारे यंत्र अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली बनवले आणि त्याला तेच नाव पडले. दारूचा ‘जिन’ वेगळा. तो जुनिपर या झुडपाच्या नावावरून आला. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर ‘फेडरेशन’ आणि ‘ग्रेडर’ हे दोन शब्द प्रत्येक कापूसवाल्याला पाठ झाले. फेडरेशन म्हणजे संघराज्य, असे नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते. इथे फेडरेशन म्हणजे कापसाच्या गाड्यांची रांग जिथे लागते ते खरेदी केंद्र. ग्रेडर म्हणजे मूठभर कापूस उचलून, पिंजून पाहून प्रत ठरवणारा. त्याच्या एका शब्दावर क्विंटलचा भाव हलायचा, म्हणून त्याला अदबीने ‘साहेब’ म्हणत.

‘हायब्रीड’ची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांची संतती असा होता. तिथून तो वनस्पतिशास्त्रात आला. १९६४ साली भारतातली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१ प्रसारित झाली. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ही संकरित ज्वारी इतकी पसरली की ‘हायब्रीड’ हे विशेषण राहिले नाही, धान्याचे नाव झाले : ‘घरात हायब्रीड आहे’, ‘हायब्रीडची भाकरी’. दगडी किंवा मालदांडी ज्वारीची गोडी तिला नव्हती, म्हणून जुन्या माणसांनी त्याच शब्दाला शिवीची धार लावली. दिसायला टपोरे आणि आतून पोकळ अशा माणसालाही हायब्रीड म्हणू लागले. उत्पादन वाढवून पोट भरणाऱ्या बियाण्यावर हा अन्यायच आहे, पण बोली असले न्याय-अन्याय पाहत नाही.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ‘बीटी’ ही बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावाची आद्याक्षरे. त्याचे जनुक कपाशीत घातल्याने बोंडअळीला विष ठरणारे प्रथिन झाडातच तयार होते. शेतकऱ्याला पूर्ण नावाची गरज कधी पडली नाही. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीचे १२० ग्रॅमचे लहान पाकीट येई. त्याला इंग्रजीत आश्रयस्थान या अर्थाचा शब्द आहे : विषाला न सरावलेल्या अळ्या तिथे टिकाव्यात आणि प्रतिकार लवकर वाढू नये, हा हेतू. हा एक इंग्रजी शब्द मात्र जालन्याने स्वीकारला नाही. पाकीट अनेकांनी बांधावर टाकून दिले आणि त्याच्याबरोबर शब्दही गेला. पुढे गुलाबी बोंडअळीने प्रतिकार कमावला, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

बीजोत्पादनाच्या गावांत ‘सीड प्लॉट’, ‘शेडनेट’, ‘क्रॉसिंग’, ‘मेल’ आणि ‘फीमेल’ हे शब्द शेतमजूर बायकांच्या तोंडी सहज असतात. फीमेलच्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी नखाने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी मेलच्या फुलातले पराग तिच्यावर लावायचे, हे क्रॉसिंग. इंग्रजी कोशात क्रॉसिंग म्हणजे आधी रस्ता ओलांडण्याची जागा. ‘जीओटी’ हा त्याहून अवघड शब्द : बियाण्याचा नमुना प्रत्यक्ष पेरून, झाडे वाढवून त्याची शुद्धता तपासण्याची चाचणी. ती पास झाली की पुढचे पैसे सुटतात, म्हणून जीओटीचा अर्थ गावात कोणाला विचारावा लागत नाही.

जिल्ह्याचा सर्वांत दुर्मीळ इंग्रजी शब्द मोसंबीने दिला : ‘न्यूसेलर’. लॅटिनमध्ये लहानशा कवचफळाला जो शब्द आहे, त्यावरून बीजांडातल्या एका ऊतीला न्यूसेलस म्हणतात. लिंबूवर्गातल्या एका बीमधून अनेकदा एकाहून अधिक अंकुर फुटतात. त्यांतला एखादा परागसंयोगातून झालेला असतो, बाकीचे या ऊतीतून, म्हणजे केवळ आईच्या अंगातून. अशी रोपे हुबेहूब मातृवृक्षासारखी निघतात आणि बहुतेक विषाणुरोग त्यांच्यात उतरत नाहीत. या वाणाचा डोळा रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर भरतात. रोपवाटिकेत ‘न्यूसेलर आहे का?’ असे विचारणारा बागायतदार भ्रूणशास्त्रातली संज्ञा वापरत असतो, आणि अचूक वापरत असतो.

मोसंबीच्या स्वतःच्या इंग्रजी नावाचा मात्र गोंधळ आहे. भारतीय इंग्रजीत तिला सर्रास ‘स्वीट लाईम’ म्हणतात. हे चूक आहे. स्वीट लाईम म्हणजे साखरलिंबू, ते झाड निराळे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे मोसंबी ही ‘स्वीट ऑरेंज’ आहे आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही ‘जालना स्वीट ऑरेंज’ याच नावाने मिळालेले आहे. ज्यूसच्या दुकानांवरच्या पाट्या अजून जुन्याच आहेत.

पोलाद कारखान्यांचे शब्द थोडक्यात. ‘स्क्रॅप’ वितळवून ‘बिलेट’ ओततात आणि त्यांच्या सळया लाटतात. बिलेट म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका, तर ‘इंगॉट’ म्हणजे साच्यात ओतलेले. ‘हीट’ म्हणजे उष्णता नव्हे, भट्टीचा एक घाणा. समृद्धी महामार्गाने ‘इंटरचेंज’ आणि जवाहरलाल नेहरू बंदराच्या प्रकल्पाने ‘ड्रायपोर्ट’ हे नवे शब्द आणले. पैकी दुसऱ्याचा अर्थ, समुद्राविना बंदर, ऐकून जुनी माणसे अजून हसतात.

कोशांचा या शब्दांशी संबंध दूरचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ची; त्याच्या व कँडीच्या नावाचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. त्या काळी बीटीही नव्हती आणि बोअरही नव्हता. १९६० नंतर शासनाने मराठी प्रतिशब्द घडवले. त्यांतले ‘पाणलोट’, ‘आवर्तन’, ‘शेततळे’ हे शब्द जिंकले. कडवंचीसारख्या गावात पाणलोटाचे काम झाले ते याच मराठी नावाने. ‘विंधन विहीर’ आणि ‘रोहित्र’ फाईलबाहेर पडले नाहीत. काम करणाऱ्याच्या जिभेला जो सोपा, तो टिकला. यात इंग्रजीचा विजय किंवा मराठीचा पराभव पाहण्याचे कारण नाही.

उलट दिशेनेही दोन नावे गेली. केळणा नदीकाठी असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईमुळे ‘असाये’ हा शब्द ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर आणि हत्तीच्या चित्रासह बिल्ल्यांवर गेला. दुसरे नाव जालन्याचेच. कॅनडाच्या लेखिका माझो द ला रोश यांनी १९२७ साली ‘जालना’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या कुटुंबाचे ओंटारिओतले घर, मूळ पुरुष ज्या हिंदुस्थानी छावणीत होता तिच्या नावाने ओळखले जाते. कादंबरीला अटलांटिक मंथली मासिकाचे दहा हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि तिची पुढे सोळा पुस्तकांची मालिका झाली. ओंटारिओतल्या लंडन शहरात आज ‘जालना बुलेवार्ड’ नावाचा रस्ता आहे.