पूर्वेला तोंड नको

तुमच्या राहुटीचं तोंड पूर्वेला आहे हे पाहून तंबू ठोकणारा फरास कपाळाला हात लावतो.

“गाव कोणतं आपलं?”

तुम्ही पुणं सांगता. “तरीच,” असं पुटपुटत तो तुमच्याच हातातला मेखसू घेतो आणि तासभर खपून ठोकलेल्या मेखा एकेक करून उपटायला लागतो.

साल १८१० च्या जरासं पुढचं. नेमकं कितवं ते विचारू नका, इथे इसवी सन मोजणारे फक्त इंग्रज रेसिडेंटच्या तंबूत. महिना मात्र पक्का आहे. मृग कोरडा गेला आणि आर्द्रा तोंडावर आल्या आहेत. दुपारी लू वाहते, तोंडावर फडकं घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. समोर ग्वाल्हेरचा किल्ला तव्यासारखा तापलाय आणि त्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंद्यांची छावणी पसरली आहे. १८०३ मध्ये इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला, पुढे दोन वर्षांनी किल्ला परत मिळाला, आणि आता उज्जैनऐवजी मुक्काम इथे. कण्हेरखेडच्या पाटलांचं घराणं कृष्णाकाठच्या मुलखातून निघून या दगडी डोंगराखाली थांबलंय. जिथे लष्कर थांबलं त्या वस्तीचं नावही लष्करच पडणार आहे.

थांबणं म्हणजे पावसाची तयारी. एरवी दसऱ्याला कूच करायचं आणि पावसाळ्यात छावणी करायची, ही मराठी फौजेची रीतच. नवं आहे ते एवढंच, की या वेळी दसऱ्यानंतरही कुणी हलणार नाही.

तुम्ही केलंत ते देशावरच्या शहाणपणाने केलंत. तिथे पाऊस पश्चिमेकडून सह्याद्री चढून येतो. पश्चिमेची भिंत जपायची, दार पूर्वेला ठेवायचं, म्हणजे शुभही आणि कोरडंही. इथे आभाळाचं गणित उलटं आहे. लू पश्चिमेची, ती कोरडी. “पुरवाई सुटली की समजायचं,” फरास सांगतो. “वारा पूर्वेचा, पाणी पूर्वेचं. एकदा धरली की दोन-दोन दिवस सोडत नाही.” त्याचा जन्म इकडचा, मराठी बोलतो पण क्रियापदं हिंदीच्या वळणाने जातात. उत्तरेत येऊन तीन पिढ्या झालेल्या माणसांची फौज आहे ही. तुमच्यासारखे दक्षिणेतून ताजे आलेले थोडे, आणि दर पावसाळ्यात ज्यांचं हसं होतं ते हेच.

तुम्हाला त्याच्यापेक्षा थोडं जास्त माहीत आहे. बंगालच्या उपसागरात हवेचा दाब घसरतो, वादळ किनारा ओलांडतं, जमिनीवर मंदावत वायव्येकडे सरकतं आणि कधी कधी थेट या डोंगरापर्यंत पोचतं. त्याच्या उत्तर बाजूला असलात की वारा पूर्वेचा लागतो. हे सांगायची हौस आवरत नाही. “हे ढग जगन्नाथपुरीहून निघतात,” तुम्ही म्हणता. फरास मेख खाली ठेवून पूर्वेकडे हात जोडतो. तुमच्या हवामानशास्त्राचा त्याला झालेला उपयोग एवढाच.

राहुटी फिरवून झाल्यावर बेलदार येतो. राहुटीभोवती चर खणायची, हातभर खोल, आणि खणलेली माती आतल्या अंगाला चोपून वरंबा करायचा. काम साधं वाटतं. पण ती चर सुटणार कुठे? उताराकडे. आणि उताराला तुमच्या शेजारच्या शिलेदाराची पागा आहे. सहा घोडी, सगळी दावणीला बांधलेली, आणि घोडं चिखलात उभं राहिलं की खूर कुजतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. तो मिशीला हात लावत येतो. “कारकून, तुमचं पाणी तुमच्यापाशी ठेवा.” त्याची चर पुढे वाण्याच्या पालाकडे सोडलेली आहे, ते तुम्ही दाखवता. वाणी ओरडत येतो. अर्ध्या घटकेत ओळीतली पंधरा माणसं भांडायला जमतात, आणि शेवटी कोतवालाचा माणूस काठीने जमिनीवर एक लांब रेघ ओढतो: सगळ्यांच्या चरा या एका चरीत, आणि ही चर नदीत. भांडण मिटतं. माझ्या मते ग्वाल्हेरच्या नगररचनेची सुरुवात कुठल्या महालापासून नाही, अशा रेघेपासून झाली असावी.

तोफखान्याकडे फिरून या. तिथे कुणी भांडत नाही, कुणी चिलीमही ओढत नाही. दारू उंच ओट्यावर ठेवली आहे, चामड्याच्या पिशव्यांत, वर मेणकापड. ओल धरलेली दारू उडत नाही, आणि ती उन्हात वाळवायची म्हणजे आणखी मोठी जोखीम. बाजारात धान्याचे भाव दोन दिवसांत चढलेत. वंजाऱ्यांचे तांडे आर्द्रांच्या आत पोचले तर पोचले, एकदा माती भिजली की लादलेला बैल पाय उचलत नाही. जवळच्या खेड्यातली एक म्हातारी कंडे विकायला बसली आहे. तिच्या गावात शेणाच्या गोवऱ्या रचून त्यांचा घुमटाएवढा ढीग करतात, वरून शेणानेच लिंपतात आणि गवताने शाकारतात. बिटौरा म्हणतात त्याला. लष्करातल्या बायका तिला घेरून तेच शिकून घेत आहेत, कारण ओल्या गोवरीवर भाकरी होत नाही. डोळे मात्र लाल होतात.

म्हातारी जाता जाता नदीकडे बोट करते. स्वर्णरेखा आत्ता वाळूचा पट्टा आहे. मऊ, सपाट, खड्डा केला की पाणी. म्हणून बांगडीवाले, कल्हईवाले, भटियारे सरळ पात्रातच पालं ठोकून बसलेत. “उठा इथून,” ती म्हणते. भटियारा हसतो.

आर्द्रांच्या तिसऱ्या रात्री वारा फिरतो. पहिला गार झोत पूर्वेकडून येतो, त्याला ओल्या मातीचा वास. फरास अंधारातून ओरडत जातो, “तणावे सोडा, तणावे सोडा!” तुम्हाला वाटतं ऐकण्यात चूक झाली. वादळ येतंय आणि दोर सैल करायचे? पण दोर अंबाडीचे आहेत. भिजले की आवळतात, आणि आवळताना मेखा मातीतून उपटून काढतात, नाहीतर कापडच फाडतात. पाऊस लागता लागता दोर ढिले सोडायचे आणि उघडीप पडली की पुन्हा ताणायचे, हे फरासाच्या पोराला चालायच्या आधी कळतं. तुम्ही चाचपडत गाठी सोडता. तिसरी गाठ सुटायच्या आत पाऊस येतो.

किल्ल्याचा दगड पाणी पीत नाही. तासाभरात कड्यावरून पाण्याचे लोट सुटतात, विजेच्या उजेडात पांढरे दिसतात, आणि ते सगळं पाणी स्वर्णरेखेकडे धावतं. पात्रातली माणसं भांडी डोक्यावर घेऊन वर येतात. भटियारा शेवटी, त्याची पालं आधीच गेलेली. तुमची चर काठोकाठ वाहते आहे, पण वाहते आहे. राहुटीचं तोंड पश्चिमेला, आत जमीन कोरडी. टॉमस ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये रेसिडेंटच्या रखवालीची तुकडी घेऊन याच फौजेबरोबर हिंडला, आणि त्याची पत्रं १८१३ मध्ये पुस्तक होऊन छापली गेली. दौलतरावांची छावणी परक्याच्या डोळ्यांनी पाहायची असेल त्याने ती जरूर वाचावीत. पण तणाव्याची गाठ कुणी सोडायची, हे ज्याला ठाऊक होतं त्याने काही लिहून ठेवलं नाही.

पुढे जाताना १९१७ च्या ऑगस्टमध्ये फार वेळ थांबू नका. राहुट्यांच्या जागी वाडे आलेत, महाराज माधवराव शिंदे गादीवर आहेत, आणि शहराला पाणी मिळावं म्हणून सांक नदीवर तिघऱ्याचं नवंकोरं धरण उभं आहे, २४ मीटर उंच. भिंत चिरेबंदी, पण ती बसली आहे वालुकाश्माच्या आडव्या थरांवर. पाणी भिंतीवरून चढतं, जवळजवळ ४०० मीटर लांबीवरून कोसळत राहतं, आणि मग भिंतीचे दोन प्रचंड तुकडे जागचे सरकून वाहून जातात. खालच्या खेड्यांत कुणी चर खणली असेल, कुणी धान्य माळ्यावर टाकलं असेल. या पाण्यापुढे तेवढ्याने काय होणार? धरण पुढे पुन्हा बांधलं गेलं, विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित दारंही तिथे बसली. आजही ग्वाल्हेर तेच पाणी पितं, आणि पावसाळ्यात तिघरा किती भरला याची चौकशी केल्याशिवाय इथल्या चहाच्या टपरीवर दिवस सुरू होत नाही.

आता खिशात फोन आहे. ११ सप्टेंबर २०२४, बुधवार, शिंदे की छावनी. परवा म्हणजे ९ तारखेला वादळाने पुरीजवळ किनारा ओलांडला. हवामान खात्याच्या भाषेत ते चक्रीवादळ नव्हे, त्याच्या एक पायरी खालचं, पण छत्तीसगड ओलांडून ते मध्य प्रदेशात शिरलं आणि विरायचं सोडून इकडेच चालत आलं. आज नकाशावर त्याचं केंद्र ग्वाल्हेरच्या अगदी शेजारी आहे. फरासाच्या नाकाला जे कळायचं ते तुम्हाला दोन दिवस आधीपासून दिसतंय, लाल-पिवळ्या ठिपक्यांत. तरी गल्लीत सगळे विचारतायत एकच: “नदीगेटवर पानी कितना है?”

नदी आता सिमेंटच्या पात्रात आहे आणि तिच्यावर उन्नत रस्त्याचे खांब उभे राहतायत. फूलबागेकडून आलेला एकजण सांगतो, चाकं बुडाली. दुकानदार शटरपाशी वाळूची पोती लावतात. किराणावाला साखरेची पोती खालच्या फळीवरून वर चढवतो, मग मिठाची, मग कंटाळून कोकाकोला तिथेच राहू देतो. इन्व्हर्टर विटांवर, फ्रिज विटांवर, मोटार काढून जिन्यात.

आणि तुम्ही ज्या घरात आहात तिथे आज गौरीपूजन. काकूंना सोळा भाज्यांपैकी चौदाच मिळाल्या आहेत, भाजीवाला पडवळ आणायला गेला तो परतलाच नाही. पुरण शिजतंय. काकांना चिंता आहे ती निराळीच. घर जुनं, छत ग्वाल्हेरी पद्धतीचं, दगडी पटियांचं. दोन पटियांमधला सांधा दर उन्हाळ्यात भरायचा असतो, यंदा राहून गेला. पूर्वेकडचा नेमका तोच सांधा गळतो आहे, आणि त्याच्या बरोबर खाली ज्येष्ठा आणि कनिष्ठा शालू नेसून उभ्या आहेत.

“जरा इकडे सरकवू का?” तुम्ही विचारता.

काकू पुरण घोटायचं थांबवतात. “बसलेल्या गौरी हलवतात का कुणी? उद्या विसर्जनालाच हलायच्या त्या.”

मग निळी ताडपत्री येते. काका स्टुलावर चढून तिचा एक कोपरा पंख्याच्या हुकाला बांधतात, दुसरा खिडकीच्या गजाला, तिसरा कपाटाच्या मुठीला. चौथा तुम्ही धरता. मखरावर छत होतं, पण मधोमध पाणी साठून पोट सुटतं. “खिडकीकडचा सोडा जरा,” काकू चुलीपासून सांगतात, “उतार द्या त्याला.” तुम्ही गाठ सैल करता, पाणी सरकत जाऊन कोपऱ्यातल्या बादलीत पडतं. बादली भरली की बदलायची. रात्रभर पाळ्या ठरतात: काका बारापर्यंत, मग तुम्ही.

रात्रीत बातम्या येत राहतात. डबरा आणि भितरवारकडे गावं पाण्याखाली आहेत, माणसं बोटींनी काढतायत. काकांचा एक विद्यार्थी भितरवारचा, त्याचा फोन लागत नाही. ते दर अर्ध्या तासाने लावून बघतात. अडीच वाजता लागतो. घरचे सगळे शाळेच्या गच्चीवर आहेत, म्हशी सोडून दिल्या. “सोडल्यास ते बरं केलंस,” काका म्हणतात, “पोहतात त्या.”

सकाळी पाऊस चालूच. गौरींबरोबर गणपतीही आज जायचा, दरवर्षी तो मिरवत नेतात. यंदा कुठे नेणार? काका म्हणतात, बादलीत. काकू म्हणतात, रात्रभर छताचं पाणी पडलेल्या बादलीत गणपती? अजिबात नाही. शेजारच्या गुप्ताजींकडे नवा टब आहे, तो मागून आणायचा असं ठरतं. गल्लीत गुडघाभर पाणी, म्हणून निरोप गच्चीवरून. गुप्ताजी ओरडून विचारतात, “कितने बजे चाहिए?” काकू पंचांग बघायला आत जातात, आणि काका त्यांच्या मागे ओरडतात, “पंचांग नको बघूस, बादली बदल!”