सहावी बहीण लंडनला

आज जरा लांबच्या देशाला जाऊ या. ग्रीस देशात अथेन्स नावाचं शहर आहे. शहराच्या मधोमध एक खडकाळ टेकडी आहे, तिचं नाव अक्रोपोलिस. या टेकडीवर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची संगमरवरी देवळं उभी आहेत. त्यातल्या एका देवळाच्या ओसरीचं छप्पर सहा दगडी मुलींनी डोक्यावर तोललं होतं. आज त्यांच्यातल्या पाच जणी अथेन्सच्या संग्रहालयात आहेत आणि सहावी आहे लंडनला. ती तिकडे गेली कशी आणि अजून परत का आली नाही, ते आज ऐकू या.

टेकडीवरचं सगळ्यात मोठं देऊळ म्हणजे पार्थेनॉन. ते अथीना देवीचं. अथीना ही शहराची राखणदार, शहाणपणाची देवी, आणि विणकामाचीही. इसवी सनापूर्वी ४४७ साली काम सुरू झालं आणि ४३२ पर्यंत चाललं. पेंटेलिकॉन डोंगरातून संगमरवर आणला. शिल्पकामावर देखरेख होती फिडियास या शिल्पकाराची. देवळाच्या चारी भिंतींवर, वरच्या बाजूला, १६० मीटर लांबीची कोरीव पट्टी होती. तिच्यात घोडेस्वार आहेत, घागरी घेतलेली माणसं आहेत, बळीसाठी नेलेली जनावरं आहेत आणि शांतपणे चालणाऱ्या मुलीबायका आहेत.

ही मिरवणूक कसली? बहुतेक अभ्यासक सांगतात, ती देवीच्या उत्सवाची. या उत्सवात देवीला नवं महावस्त्र वाहायचे. ते विणायचं काम अथेन्सच्या मुलीबायकांचं, आणि नऊ महिने आधी माग लागायचा. त्या काळी अथेन्सच्या बायकांना सभेत बोलायचा किंवा मत द्यायचा हक्क नव्हता. पण देवळाच्या दगडावर मात्र त्यांना जागा मिळाली. आज त्या पट्टीतला घडी केलेल्या वस्त्राचा तुकडा लंडनला आहे, आणि विणणाऱ्या मुलींचा म्हणून ओळखला जाणारा तुकडा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात.

आता त्या सहा मुलींकडे येऊ. त्यांचं देऊळ शेजारीच, नाव एरेक्थिऑन. इसवी सनापूर्वी ४२१ ते ४०६ या काळातलं. खांबांच्या जागी उभ्या असलेल्या या मुलींना कॅरिअॅटिड म्हणतात. एवढं वजन डोक्यावर, आणि मान तर नाजूक. मग कारागिरानं युक्ती केली. प्रत्येकीच्या पाठीवर जाडजूड वेण्या कोरल्या, म्हणजे मानेला आधार मिळाला. प्रत्येकीची वेणी थोडी निराळी आहे. समोरून बघणाऱ्याला वाटतं, या मुली सहज उभ्या आहेत. भार कुठून तोलला जातो, ते मागे गेल्यावर कळतं.

पुढे काळ बदलला. पार्थेनॉनचं आधी चर्च झालं, मग मशीद. १६८७ साली व्हेनिसच्या सैन्यानं टेकडीला वेढा घातला. देवळात तुर्कांची दारू साठवलेली होती. तोफेचा गोळा तिच्यावर पडला आणि देवळाचा मधला भाग उडाला.

१७९९ साली लॉर्ड एल्गिन हा इंग्रजांचा राजदूत तुर्की सुलतानाच्या दरबारी गेला. अथेन्स तेव्हा सुलतानाच्या ताब्यात होतं. एल्गिननं एक फर्मान मिळवलं. मूळ कागद आजपर्यंत सापडलेला नाही, त्याचं इटालियन भाषांतर तेवढं आहे. त्यात चित्रं काढायला, साचे घ्यायला आणि दगडाचे काही तुकडे न्यायला परवानगी आहे. पण खाली पडलेले तुकडे, की देवळाला लागलेले? भांडण तिथेच आहे. १८०१ पासून एल्गिनच्या माणसांनी देवळावरची शिल्पं उतरवली, काही करवतीनं कापून काढली. शिल्पं नेणारं एक जहाज १८०२ साली समुद्रात बुडालं. पाणबुड्यांनी ती पेटारे वर काढली. सहा मुलींपैकी एक अशीच काढून नेली, आणि तिच्या जागी विटांचा खांब उभारला. तिच्यासाठी उरलेल्या पाच जणी रात्री रडतात, अशी गोष्ट अथेन्सचे लोक सांगू लागले.

एल्गिन कर्जात बुडाला. १८१६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं ३५,००० पौंडांना सगळी शिल्पं विकत घेतली. ८२ जणांनी बाजूनं मत दिलं, ३० जणांनी विरोध केला. म्हणजे हे बरोबर नाही असं म्हणणारे लोक तेव्हा इंग्लंडातही होते. ग्रीकांना मात्र कुणी विचारलं नाही. त्यांचा स्वातंत्र्याचा लढा सुरू झाला तो १८२१ साली.

आता दोन्ही बाजू नीट ऐकू. ब्रिटिश म्युझियम म्हणतं, शिल्पं रीतसर परवानगीनं आणली, पैसे मोजून घेतली. इथे ती सांभाळली गेली, जगभरचे लोक ती फुकट पाहतात. शिवाय १९६३ च्या कायद्यानं संग्रहालयाला आपल्या वस्तू देऊन टाकता येत नाहीत. यात तथ्य नाही असं नाही. अथेन्समधल्या धुरानं मागे राहिलेल्या शिल्पांचं खरंच नुकसान झालं. म्हणूनच १९७९ साली पाच मुलींना आत नेलं आणि बाहेर नकला उभ्या केल्या. पण लंडनमध्येही १९३७-३८ साली तांब्याच्या हत्यारांनी शिल्पं खरवडून त्यांचा वरचा थर काढला गेला.

ग्रीस म्हणतो, ज्यानं परवानगी दिली तो राज्यकर्ता परका होता. आणि हे सुटे दागिने नाहीत, एकाच देहाचे अवयव आहेत. समुद्रदेव पोसायडनच्या धडाचा एक भाग अथेन्सला, एक लंडनला. उसने म्हणून घेऊन जा, असं कुणी सुचवलं तर ग्रीसला ते मान्य नाही. आपलीच वस्तू उसनी घेतली, तर ती आपली नाही असं कबूल केल्यासारखं होतं.

ही मागणी जगापुढे नेणारी एक बाईच होती. मेलिना मर्कुरी, नावाजलेली अभिनेत्री. १९८१ साली ती ग्रीसची सांस्कृतिक मंत्री झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं युनेस्कोच्या परिषदेत हा विषय मांडला. १९९४ मध्ये ती वारली. ठेवायला चांगली जागा कुठे आहे, असं लोक विचारायचे, त्याचं उत्तर २००९ साली मिळालं. टेकडीच्या पायथ्याशी नवं संग्रहालय उघडलं. तिथे पाच बहिणी आहेत आणि सहावीची जागा मोकळी ठेवली आहे.

थोडं थोडं परत येऊ लागलं आहे. २००६ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठानं एक तुकडा दिला. पुढे इटलीतल्या पालेर्मोच्या संग्रहालयानं एक दिला, २०२३ साली व्हॅटिकननं तीन दिले. लंडनशी बोलणी झाली, पण निकाल लागलेला नाही.

मैत्रिणींनो, कागद कुणाकडे आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण कागद लिहिला गेला तेव्हा घरच्या माणसांना विचारलं होतं का, हाही प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे. जमिनीच्या, घराच्या, दागिन्यांच्या बाबतीत आपल्याला हे चांगलं ठाऊक आहे. पुढच्या बैठकीत यावर बोला. सहावी बहीण कुठे असावी असं तुम्हाला वाटतं, आणि का? दोन्ही बाजू मांडून मगच ठरवा.