मे महिन्यातला पाऊस आणि कुलाब्याची वेधशाळा



मे महिना अर्धा झाला की आपल्या भाईंदर-उत्तन पट्ट्यात एकाच गावातली माणसे तीन तऱ्हेने आभाळाकडे बघतात. राई, मुर्धा, मोर्वा या बाजूचा भातकरी म्हणतो, एक सर पडू दे, जमीन नांगराला मऊ होईल. मिठागरवाला म्हणतो, आणखी पंधरा दिवस नको रे बाबा, वाफ्यात धरलेले मीठ एका रात्रीत पाणी होऊन जाईल. आणि उत्तनची बाई बांबूवर टांगलेल्या बोंबलांकडे बघते. सर एकच, पण हिशेब तिघांचा निरनिराळा. आता पुष्कळ आगरे ओस पडली, भातशेतीही इमारतींनी वेढली गेली. तरी जी उरली आहे तिला हा प्रश्न दरसाल पडतोच.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे आणि त्याचा बराचसा भाग आपल्या शेजारीच घडला. मुंबईत कुलाब्याला 1826 साली ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा बांधली. 1841 पासून तिथे हवामानाच्या नोंदी नेमाने होऊ लागल्या. 1896 साली नानाभाई मूस हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमाप बिघडेल म्हणून ते काम 1904 साली अलिबागला नेले. पावसाची नोंद मात्र कुलाब्यालाच राहिली. आज कोणी म्हणतो, “असा पाऊस पूर्वी कधी झाला नव्हता,” तेव्हा खरेखोटे करायला ही वही कामी येते.

त्याआधी काय होते? आपले आजे-पणजे होते. रोहिणी 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला, मुंग्यांची अंडी, वाऱ्याची दिशा, सहदेव-भाडळीतले ठोकताळे. बुलढाण्याकडे भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात, ते आजही ऐकायला गर्दी होते. मी यातले सगळेच टाकून द्या म्हणणार नाही. वारा आणि ढग बघण्याची सवय फार मोलाची आहे. पण नक्षत्र सूर्याच्या हिशेबाने येते, पाऊस समुद्राच्या आणि वाऱ्याच्या हिशेबाने. मृगाची तारीख ठरलेली, पावसाची नाही.

सरकारी हवामान खाते 1875 साली निघाले. त्यामागे 1864 चे कलकत्त्याचे वादळ आणि 1866 चा ओरिसाचा दुष्काळ होता. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडले तर पाऊस कमी, या विचारावर त्यांनी अंदाज बांधले आणि 1886 पासून मोसमी पावसाचा अंदाज दरसाल निघू लागला. त्यांच्यामागून एलियट आले. 1899 साली पाऊस सरासरीहून चांगला होईल असे त्यांनी सांगितले, आणि झाले काय? ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात तो भीषण दुष्काळ! वेधशाळेची थट्टा आपण आज करतो तिला इतके जुने कारण आहे.

पण त्या फजितीतूनच पुढचे काम झाले. 1904 साली गिल्बर्ट वॉकर आले. ते मूळचे गणिती. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवता जुळवता त्यांना दिसले की पॅसिफिक महासागराकडे दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलटही होते. या झोक्याशी आपल्या पावसाचा संबंध आहे. त्यांनी हेही ओळखले की अख्ख्या देशाला एकच अंदाज लावून उपयोग नाही, म्हणून देशाचे भाग पाडले. पॅसिफिकचे पाणी तापते त्या ‘एल निनो’शी या झोक्याची सांगड 1969 साली लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी 1972 चा दुष्काळ आला, तोही एल निनोचाच. 1932 साली पुण्याला शेतीहवामानाचा वेगळा विभाग निघाला आणि 1945 पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी नभोवाणीवरून सुरू झाली.

आता आपल्या कामाचे बोलू. उन्हाळ्यात किनारा आणि घाटमाथ्यापलीकडचा मुलूख यांचे हवामान एक नसते. घाटावर हवा कोरडी, दुपारी तापून वळीव येतो, कधी गारा घेऊन. आपल्याकडे समुद्राचा वारा उकाडा धरून ठेवतो आणि वळीव क्वचित. आला तर बहुधा दुपारनंतर, पूर्वेच्या डोंगराकडून, कडकडाट करत येतो आणि तासाभरात आभाळ मोकळे. मोसमी पाऊस नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. त्याला वेळकाळ नाही, ढग खाली उतरलेले असतात आणि वारा दिवसरात्र एकाच दिशेचा. हा फरक ओळखला की निम्मे काम झाले.

ज्यांना वाटते की पाऊस लवकर आला म्हणजे बरे, त्यांनी मागची वर्षे आठवावीत. 2009 साली तो 23 मेलाच केरळात पोचला, पुढे अडखळला आणि ते वर्ष दुष्काळाचे ठरले. 2021 साली 17 मे रोजी ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेले. सांताक्रूझला भर मे महिन्यात एका दिवसात सुमारे 230 मिलिमीटर पाऊस पडला. तो मोसमी नव्हता. 2023 साली मुंबईत पाऊस 25 जूनला आला. आणि 2025 साली 26 मेलाच, म्हणजे नेहमीच्या 11 जूनच्या सोळा दिवस आधी! कुलाब्याच्या वहीत त्या मे महिन्यात 295 मिलिमीटरची नोंद झाली, 1918 चा विक्रम मोडला. पण मेअखेरीस तोच पाऊस राज्यात अडून बसला तो जूनच्या मध्यापर्यंत. घाटाकडे ज्यांनी घाईने पेरले त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी येण्याचा धोका होता.

एप्रिलमध्ये जो अंदाज निघतो तो देशभरच्या चार महिन्यांचा असतो. तुमच्या बांधावर कधी पडेल हे त्यात शोधू नका. पेरणीसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषि हवामान सल्ला ऐका. घाटावरच्या पाहुण्यांना सांगा, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आपल्याकडे धूळवाफ करायची असेल तर 25 मेनंतर करावी, आणि सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. निम्मे राखून ठेवा. हलक्या सरीने बी रुजले आणि मागून आठ दिवस ऊन पडले तर रोप करपते, मग ऐन वेळी बियाणे कुठून आणणार?

खाजणातल्या जमिनीचे गणित थोडे वेगळे आहे. तिथे पहिले चांगले पाऊस पिकासाठी नसून खार धुण्यासाठी असतात. म्हणून बांधाची भगदाडे आणि उघाडीची झडप मे महिन्यातल्या मोठ्या उधाणाआधीच दुरुस्त करून घ्या. पावसाचे पाणी शेतात उभे राहू द्या आणि ओहोटीला उघाडीतून सोडा. असे दोन-तीनदा केल्यावरच लावणीला हात घाला.