तळ्याचे चित्र

२६ नोव्हेंबर जवळ आला, की शाळाशाळांतून भित्तिपत्रकांच्या स्पर्धा लागतात. विषय ठरलेला असतो - ‘संविधान जागृती’ नाहीतर ‘कायद्याचा आदर’. आदल्या रात्री घरोघरी कार्डशीट पसरलेला असतो. मुले तराजू काढतात, पोलिसाची टोपी काढतात, बेड्या काढतात आणि खाली ठळक अक्षरांत लिहितात, ‘कायदा पाळा.’ यात चूक काही नाही. पण चित्र पाहणाऱ्याला वाटते, कायदा म्हणजे वरून आलेली दटावणी. आदर आणि धाक यांतला फरक त्यात कुठे दिसत नाही.

खरे तर आपली राज्यघटना चित्रांना परकी नाही. तिची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने, हाताने लिहिली. तिची पाने सजवली शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरील बैल तिथे आहे, दांडीयात्रा आहे आणि निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराजही आहेत. म्हणजे घटनेवर पहिली चित्रे काढली ती एका शिक्षकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी! त्या प्रतीत नसलेले एक चित्र मात्र आपल्या मुलांना सुचवावेसे वाटते. ते आहे महाडच्या चवदार तळ्याचे.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावर खुले झालेले पाणी प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी त्यांनी कायदा मोडला नव्हता, बजावला होता. मोडला तो त्यांच्यावर लाठ्या घेऊन धावून आलेल्यांनी. मार खाल्लेल्या माणसांची संख्या मोठी होती, उलटून मारण्याचे बळही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. माणसे गावोगावहून भाकरी बांधून आली. मात्र त्याआधीच विरोधक दिवाणी न्यायालयात गेले होते. तळे खासगी आहे, असा त्यांचा दावा होता आणि न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. आता काय करायचे? समोर पाणी, मागे हजारोंचा जमाव, मनात पिढ्यान्‌पिढ्यांची आग. लोक तुरुंगात जायला तयार होते. अखेर बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय लोकांच्या गळी उतरवला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली आणि पाण्याला हात न लावता माणसे परतली.

हा खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. खालच्या न्यायालयात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना या पाण्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, हे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले, की आता सनदशीर मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा आपली उद्दिष्टे त्याच मार्गांनी गाठली पाहिजेत. हा उपदेश सुखात बसून केलेला नव्हता. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाचे ते बोल होते. आणि घटनेचे १५ वे कलम उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही कुठे अडवता येणार नाही, ती ठिकाणे सांगताना त्यात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात तलाव कशाला, असा प्रश्न पडला तर महाड आठवावे.

मात्र तळ्याची ही गोष्ट सोयीची करून घेऊ नये. ‘गप्प बसा, निकाल लागेल’ असा तिचा अर्थ नाही. बाबासाहेब गप्प बसले नव्हते. सभा घेत होते, लिहीत होते, खटला लढवत होते. दहा वर्षांचा उशीर हाही अन्यायच होता आणि त्याची किंमत तहानलेल्यांनी मोजली. म्हणून कायद्याचा आदर करा, हे ज्यांच्या हातात कायदा राबवण्याचे काम आहे, त्यांनाही तितकेच सांगायला हवे.

तेव्हा यंदा मुलाने विचारले, ‘काय काढू?’ तर त्याला सांगा, एक भरलेले तळे काढ, काठावर माणसे काढ आणि खाली एकच ओळ लिही - कलम १५. त्याचा अर्थ कोणी विचारला, तर ही गोष्ट सांगता येईल एवढी तयारी मात्र त्याच्याकडून करून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)